एकतीस नंबरची पट्टी

सम्राट चौगुलेच्या डोक्याला मागच्या बाजूने लिंबाएवढा खड्डा पडला होता. रक्त मानेवरून कॉलरमध्ये उतरून थिजलं होतं आणि त्यावर माश्या बसायला लागल्या होत्या.

शियेकडून शिरोली एमआयडीसीत उतरणारा हा खाणीचा आडरस्ता. सोमवार, सकाळचे पावणेनऊ. मोठ्या रस्त्याने फेरा पडतो म्हणून फौंड्रीतली एखाददुसरी सायकल इकडून येते. सम्राट रोज यायचा. त्याची बॅटरीवर चालणारी सायकल उतारावर आडवी पडली होती आणि पुढचं चाक पाच पावलांवर एकटंच पडलं होतं.

"उघडच हाय की मॅडम," हवालदार आकाराम पोवार म्हणाले. "मोटर पुढच्या चाकातच असती. उतारावर चाक निसटलं, माणूस गेला तोंडावर."

"तोंडावर?" फौजदार अक्षता कुरणेने विचारलं. "तोंड बघा त्याचं."

आकारामांनी वाकून पाहिलं. नाक शाबूत, दात शाबूत, कपाळावर धूळसुद्धा नाही. अक्षताने प्रेताचे दोन्ही हात उलटे केले. तळव्यांवर जुने घट्टे होते, पण खरचटल्याची एक रेघ नव्हती. पडणारा माणूस आधी हात पुढे टाकतो, हे समजायला काही फौजदाराची परीक्षा द्यावी लागत नाही.

खांद्याच्या पिशवीत डबा होता, खिशात ओळखपत्र होतं. मोबाईल नव्हता.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते सोनूबाईने. गवताचा भारा बाजूला टाकून ती बांधावर बसली होती.

"मावशी, कशाला हात लावला का?"

"न्हाय बाई. लांबनंच बघितलं आन् फोन लावला. सव्वाआठ झालं आसतील."

"मग इथे कोण कोण आलं?"

"कोण बी न्हाय. तुमची गाडी येस्तवर मी एकलीच हितं. मेल्या माणसाला कुत्र्यांवर सोडून जाऊ व्हय?"

अक्षता चाकाकडे वळली. मधोमध पातेल्याएवढी मोटर. मोटरच्या दोन्ही अंगांनी एक्सलची टोकं बाहेर आलेली. दोन्ही टोकांवर आधी वायसरची चपटी चकती आणि वायसरवर नट, जिथल्या तिथे. नट पार आत, एक्सल जाड होऊन त्याची पायरी सुरू होते तिथे जाऊन टेकले होते. तिने वायसर आणि पायरीच्या मध्ये नख घालून पाहिलं. नख शिरेना.

मग तिने सायकलीचा, पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा पाहिला. ज्या खाचेत एक्सल बसतो, ती खाच दोन्ही बाजूंना सरळ होती, कुठे फाकलेली नाही, कुरतडलेली नाही. चिमट्याच्या उजव्या दांडीवर खाचेपासून चार बोटं वर रंग गोल घासला गेला होता आणि आतलं लोखंड चकाकत होतं. मोटरच्या वायरचा जोड सुटलेला होता. वायर सरळ होती.

"ह्या सगळ्याचे जवळून फोटो घ्या," ती म्हणाली. "आणि नटांना कुणी हात लावायचा नाही. ठसे घेऊन चाक आहे तसं ठाण्यात न्या."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सांगली फाट्यावर मुजम्मिल शिकलगारच्या सायकल दुकानात माणसं घुसली होती आणि त्याला मारत होती. सम्राटच्या सायकलीला मोटर बसवली होती ती मुजम्मिलनेच.

जीप पोचली तेव्हा दुकानासमोर पन्नासेक माणसं होती. काच फुटली होती, टायर रस्त्यावर आले होते. आतून येणारा आवाज माणसाचा आहे हे कळायला अक्षताला क्षणभर वेळ लागला.

सम्राटचा धाकटा भाऊ धैर्यशील याने मुजम्मिलचा उजवा हात टेबलावरच्या लोखंडी शिकंज्याच्या, वाईसच्या जबड्यात घातला होता आणि तो दांडा फिरवत होता. दोघांनी मुजम्मिलला मागून धरलं होतं. बोटांच्या मधून रक्त टेबलावर गळत होतं.

"पट्टी बसवली न्हाईस!" धैर्यशील ओरडत होता. "पट्टी न बसवता माझ्या भावाला सायकल दिलीस! ह्याच हातानं दिलीस न्हवं?"

"बसवलीया! आईच्यान बसवलीया! एकतीस नंबर!"

दांडा आणखी फिरला. आतलं हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला.

अक्षताने समजावण्यात वेळ घालवला नाही. तिने लाठी धैर्यशीलच्या कोपरावर अशी घातली की त्याचा हात दांड्यावरून गळूनच पडला. दुसरी लाठी मागून धरणाऱ्याच्या गुडघ्यावर. कुणीतरी पाना फेकला, तो तिच्या भुवईवर लागला आणि एका डोळ्यासमोर लाल झालं. ती दुसऱ्या डोळ्याने बघत लाठी चालवत राहिली. आकारामांनी वाईसचा दांडा उलटा फिरवला तेव्हा मुजम्मिलने हात बाहेर काढला नाही. त्याला तो काढताच येईना. आकारामांनी तो लहान मुलाला उचलावं तसा दोन्ही हातांनी उचलला.

या सगळ्या गोंधळात एक माणूस अगदी स्वच्छ उभा होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. हंबीरराव खोत, फौंड्रीला माणसं पुरवणारा कॉन्ट्रॅक्टर. सम्राट ज्या फौंड्रीत होता तिथली निम्मी माणसं त्याचीच.

"शांत व्हा रं. कायदा हातात घेऊ नगा," तो म्हणत होता, पण इतक्या हळू की ते त्याचं त्यालाच ऐकू जावं. चाळा म्हणून त्याने पायाशी पडलेला एक बोल्ट उचलला होता. शेजारचा नट त्यावर चढवून त्याने तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि रुमालाने बोटं पुसली.

"मॅडम, पोरांचा राग समजून घ्या," तो पुढे येऊन म्हणाला. "असल्या माणसाला जागीच अटक करा, म्हंजे लोक थंड हुतील. न्हायतर मग माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाय."

भुवईचं रक्त पुसत अक्षताने त्याच्याकडे पाहिलं. भडकवणाराच विझवायला आलाय, असं तिला वाटलं. पण वाटण्यावर केस उभी राहत नाही.

दुपारपर्यंत गोष्टी हाताबाहेर गेल्या. शवविच्छेदन झालं, पण चौगुल्यांच्या माणसांनी प्रेत ताब्यात घ्यायला नकार दिला. मुजम्मिलवर गुन्हा दाखल करा, नाहीतर चार वाजता प्रेत त्याच्या दारात नेऊन ठेवतो, असा निरोप आला. त्या दारामागे मुजम्मिलची म्हातारी आई आणि दोन मुली होत्या. गल्लीच्या तोंडाशी आत्ताच पेट्रोलचा वास येतोय, असं बंदोबस्तावरच्या शिपायाने कळवलं.

साहेबांचा फोन आला. "कुरणे, निष्काळजीपणाचा गुन्हा लावा त्या मेकॅनिकवर आणि विषय संपवा. पुढचं कोर्टात बघतील."

"सर, हा खून आहे."

"चारच्या आत सिद्ध करता?"

"करते," ती म्हणाली. फोन ठेवून ती थेट दवाखान्याकडे निघाली.

सरकारी दवाखान्यात मुजम्मिलचा हात कोपरापासून गुंडाळला होता. त्याची बायको नजीरा पलंगाच्या कडेला बसली होती. अक्षताने वही काढली तशी ती उसळली.

"आदी त्येंच्या हाताचं काय ते सांगा. दोन बोटं जात्यात म्हणं. ह्या हातावर घर हाय आमचं."

"वैनी, चार वाजेपर्यंत मला ह्यांच्याशी बोलू दे. त्यावर तुमचं घर आहे," अक्षता म्हणाली. नजीरा बाजूला सरकून बसली.

"ही पट्टी काय असते?"

मुजम्मिलचा ओठ फाटला होता, पण कामाचं विचारल्यावर त्याला जरा धीर आला. "टॉर्क आर्म म्हणत्यात मॅडम. आमी पट्टी म्हणतो. मोटर चाकाला फुडं ढकलती. मग एक्सलला मागं फिरायचं असतंय. चिमट्याच्या खाचेनं त्याला धरायचं, पर खाचेचा जीव तो केवढा? जोर आला की फाकती. म्हणून पोलादाची पट्टी. एका टोकाला एक्सलच्या मापाचं भोक, ते एक्सलवर बसवायचं. दुसरं टोक दांडीला क्लिपनं आवळायचं. मग एक्सलचा बाप आला तरी फिरत न्हाय."

"क्लिप दांडीवर कुठे येते?"

"खाचेच्या वर चार बोटं."

"आणि पट्टी नसली, एक्सल फिरलाच, तर?"

"पयली वायर जाती. ती एक्सलच्या पोटातनंच बाहेर येती. दोरीवानी पीळ बसतोय आन् तटकन तुटती. मग खाच फाकून चाक भायर."

"सम्राटच्या सायकलीला पट्टी होती?"

"मॅडम, पट्टीबिगर एकबी चाक मी दुकानाच्या भायर सोडलेलं न्हाय. हरेक पट्टीवर नंबरचा पंच मारतो. सम्राटभाईची एकतीस. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला आलते तवा परत आवळून दिली. मला बडवायच्या आदी त्यांनी पट्टी शोधायची की हो."

"ही पट्टी कुणाच्या लक्षात येईल? येणाऱ्या-जाणाऱ्याच्या?"

"छ्या. लोकास्नी ती चिमट्याचाच भाग वाटती. ज्यानं पाना धरलाय त्यालाच कळणार."

सम्राटची बायको वर्षाराणी शवागाराच्या पायरीवर बसली होती. रडून झालं होतं. प्रश्नांची उत्तरं ती जमिनीकडे बघत देत होती.

"कुणाशी भांडण?"

"दिराशी. धैर्यशीलशी. गोठ्याच्या जागेवरनं. आठ दिसामागं दोघं एकमेकाच्या अंगावर गेलते. ह्यांनी त्येच्या थोबाडीत मारलीती."

"आणखी कुणाशी?"

"भांडण न्हाय. पर दोन महिनं झालं, झोप न्हवती त्येंना. फौंड्रीत ते प्रसेनजीत मेलं न्हवं का, तवापास्नं."

अक्षताचं पेन थांबलं. प्रसेनजीत हा हंबीररावाचा कंत्राटी कामगार. फौंड्रीत साच्यांच्या पेट्यांवर पडून मेला, असा पंचनामा होता. तो तिनेच केला होता. पडताना पाहिलं असा जबाब देणारा साक्षीदार होता सम्राट चौगुले.

"काय म्हणत होते?"

"खोटं बोललो म्हणायचे. आज कामावरनं सुटलो की कुरणे मॅडमकडं जाऊन खरं सांगून येतो म्हणालते." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमीच व्हय त्या?"

"हो," अक्षता म्हणाली. "हे कुणाला माहीत होतं?"

"काल फोनवर म्हणत हुते कुणालातरी. 'मी उद्या सांगणार. त्याच्या आदी तुमचं तुमी जाऊन सांगा.' नाव न्हाय घेतलं."

फोन गायब होता. ठशांचा अहवाल आणि कंपनीकडून कॉलची यादी यायला संध्याकाळ होणार होती. घड्याळात दोन वाजून गेले होते.

धैर्यशील कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. कोपर सुजून फुगलं होतं.

"सकाळी साडेसात ते साडेआठ कुठे होतास?"

"दूध डेअरीत. रांगेत. इचारा कुणालाबी."

आकारामांनी मान हलवली. ते आधीच विचारून आले होते, आणि ते खरं होतं.

"पट्टी बसवली नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळीच म्हणत हुती की."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग. तुझ्या भावाला कुणी मारलं ते तुला हवंय की नको?"

"मारलं? म्हंजे?"

"नाव."

"हंबीररावांनी फोन केलता. डेअरीतच हुतो मी. म्हणाले, तुझा भाऊ खाणीत मेला, त्या शिकलगारानं पट्टीच बसवली न्हवती."

आकारामांनी धैर्यशीलचा मोबाईल समोर धरला. फोन आला होता आठ वाजून एकतीस मिनिटांनी. त्या वेळी खाणीच्या उतारावर सोनूबाईशिवाय चिटपाखरू नव्हतं आणि पोलिसांची जीप अजून वाटेतच होती.

तरीही हे पुरेसं नव्हतं. कानावर आलं, असं म्हणून माणूस सुटला असता. अक्षताने ठाण्यात येऊन चाक आणि चिमटा टेबलावर घेतला, शेजारच्या वर्कशॉपमधून व्हर्निअर मागवला आणि चिमट्याच्या खाचेची जाडी मोजली. सहा मिलिमीटर. नट आणि पायरीमधलं अंतर मोजायची गरजच नव्हती. ते नव्हतंच. तिचे वडील गणपती कुरणे याच एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. नट-बोल्टांनी भरलेल्या घरात ती वाढली होती. ती आकारामांना हळूच काहीतरी म्हणाली. आकाराम उठले, मुजम्मिलच्या दुकानातून एक सुटं मोटरचं चाक घेऊन आले आणि तिच्या टेबलावर ठेवलं. त्या सुट्या चाकाचे नट आणि वायसर तिने स्टीलच्या ताटलीत वेगळे काढले.

तीन वाजता हंबीरराव स्वतःच आला. बाहेर पाऊणशे माणसं होती आणि त्यांच्या वतीने बोलायचा मान त्याने स्वतःकडे घेतला होता.

"बसा. चहा घ्या," अक्षता म्हणाली. "अटक करायचीच आहे मला. फक्त कागद नीट झाले पाहिजेत. तुम्ही जाणते आहात, जरा मदत करा."

हंबीरराव बसला. ते सुटं चाक त्याच्या समोरच होतं.

"ह्या पट्टीचं तुम्हाला कुठून कळलं?"

"लोक म्हणत हुते."

"तुम्हाला स्वतःला ह्या कामातलं काही कळतं?"

"मला? मॅडम, मी कॉन्ट्रॅक्टर. माणसं सांभाळायचं माझं काम. जन्मात पान्याला हात लावला न्हाय मी."

"सम्राट कसा होता कामाला?"

"सोन्यासारखा. माझ्या धाकट्या भावागत."

"काल त्याच्याशी बोलणं झालं?"

"न्हाय. रविवार की. सुट्टी."

"प्रसेनजीत गेला तेव्हा तो तिथेच होता ना?"

हंबीररावाची नजर क्षणभर हलली. "व्हय. पडताना बघितलं त्यानं. लई वाईट झालं. हट्टी पोरगं हुतं ते. बूट द्या, हेल्मेट द्या, रोजचं एक काढायचं..."

तो बोलत राहिला. अक्षता त्याचं बोलणं ऐकत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती. डाव्या हाताने त्याने ताटलीतला वायसर उचलला आणि न बघता एक्सलवर सरकवला. मग नट. अंगठा आणि दोन बोटं, तीन-चार झटके, आणि नट भिरभिरत आत गेला आणि पायरीला जाऊन टेकला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग त्याने रुमाल काढून बोटं पुसली.

हंबीररावाने ताटलीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

"माझे वडील फिटर," अक्षता म्हणाली. "नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी एकच शिकवायचे. काम सोडवलं की नट खाली ठेवायचा नाही. ज्या बोल्टाचा नट, त्याच बोल्टावर, वायसरसकट परत चढवून ठेवायचा. विसरला की बोटांवर पाना बसायचा. आयुष्यभर ही सवय सुटत नाही. जित्याची खोड, हंबीरराव. किती वर्षं होता फिटर?"

"त्यानं काय सिद्ध हुतंय?"

"सांगते. आकाराममामा, दार लावा."

ती उठली नाही. चिमटा तिने टेबलावर आडवा ठेवला.

"सम्राटचं चाक ह्या चिमट्यात होतं. म्हणजे एक्सलची पायरी, मग खाचेचं सहा मिलिमीटर लोखंड, मग वायसर, मग नट. चाक आपोआप निसटलं, तर पायरी आणि नट यांच्यात निदान त्या सहा मिलिमीटरची फट राहिलीच पाहिजे. कारण तिथे चिमटा होता. पण खाणीत सापडलेल्या चाकाचे नट पार पायरीला टेकले होते. चिमटा मध्ये असताना नट तिथे पोचूच शकत नाही. म्हणजे आधी कुणीतरी चाक पान्याने काढलं आणि काढल्यावर नट परत चढवून ठेवले. मेलेल्या माणसाने ते केलं नाही. सोनूबाईने कशाला हात लावला नाही."

हंबीररावाने रुमाल खिशात घातला. त्याचा हात बाहेर आला नाही.

"एक्सल फिरला असता तर वायर पिळून तुटली असती. ती सरळ आहे, जोड हाताने सोडवलाय. खाच फाकलेली नाही. दांडीवर चार बोटं वर क्लिपचा घासलेला पट्टा आहे, म्हणजे मुजम्मिलने पट्टी बसवली होती आणि आज सकाळी ती कुणीतरी काढून नेली. त्याच्यावर ढकलायला. पट्टी म्हणजे काय हे ज्याला कळतं तोच ते करेल."

"मग तो शिकलगारच की! तोबी मेकॅनिकच हाय!"

"स्वतःच्या गळ्यात फास अडकवायला स्वतःची पट्टी काढून नेईल?" अक्षताचा आवाज पहिल्यांदा चढला. "प्रसेनजीतला तू मारलंस. बूट मागितले म्हणून. सम्राटने पाहिलं आणि तुझ्या भीतीने खोटी साक्ष दिली. मीही ती खरी मानली. ते माझं पाप आहे, ते मी फेडीन. काल त्याने तुला फोन करून सांगितलं, तुमचं तुम्ही जाऊन कबूल करा. इतका सरळ माणूस. तू उतारावर थांबलास. तो तुला बघून थांबला, सायकलीवरून उतरला, आणि तुझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा तू मारलंस. म्हणून त्याचे हात कोरे आहेत. आणि साडेआठला, कुणाला कळायच्या आधी, त्याच्या भावाला फोन केलास."

हंबीरराव उठला तो चाकासकट. सात किलोची मोटर त्याने अक्षताच्या डोक्याच्या रोखाने फेकली. ती खांद्यावर बसली आणि ती खुर्चीसकट मागे कोसळली. आकारामांनी त्याच्या कमरेला मिठी घातली. हंबीररावाने त्यांचं डोकं कपाटावर दोनदा आपटलं, तरी पन्नाशीच्या त्या माणसाने मिठी सोडली नाही. अक्षता जमिनीवरून सरपटत आली आणि तिने लाठी त्याच्या नडगीवर सगळ्या जोराने घातली. दोन महिन्यांचा राग होता तो. हंबीरराव गुडघ्यांवर आला आणि पांढऱ्या पँटीवर पहिल्यांदा मळ लागला.

"पुन्हा मारलंस तर मी थांबणार नाही," ती म्हणाली. तो थांबला.

त्याची पिकअप ठाण्याच्या आवारातच उभी होती. सीटच्या मागे हत्यारांची पेटी. पेटीत जाड लोखंडी सळई, टॉमी, पुसलेली, पण टोकाच्या खाचेत केस आणि काळं रक्त. सम्राटचा मोबाईल. आणि तळाशी जाड पोलादी पट्टी. खाण पाण्याने भरलेली होती, फेकायला दोन पावलं जावं लागलं असतं. पण चांगलं लोखंड फेकवत नाही हे फिटरचं दुसरं दुखणं. क्लिपचा स्क्रूसुद्धा त्याने परत क्लिपमध्ये फिरवून ठेवला होता. पट्टीच्या कडेला पंच होता, एकतीस.

पावणेचारला अक्षता ठाण्याच्या पायरीवर आली. तिचा एक खांदा लोंबत होता. तिने पट्टी वर धरली आणि गर्दीला चार वाक्यांत सगळं सांगितलं. गर्दी कुजबुजली, मग एक-एक करून मोटारसायकली सुरू झाल्या. सकाळी वाईसच्या भोवती उभ्या राहिलेल्यांपैकी एकानेही मुजम्मिलचं नाव काढलं नाही. घोळक्यातल्या माणसाला घरी जाताना वाट बरोबर सापडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात गेली. मुजम्मिलची दोन बोटं रात्रीच काढली होती. पलंगाशी वर्षाराणी उभी होती, कपाळ मोकळं, डोक्यावर पदर. ती धैर्यशीलसाठी आली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यानं चुकीनं केलं. त्येला भरवलं हुतं. माझ्या घरात आता दुसरा गडी न्हाय. तक्रार देऊ नगा. मी तुमच्या पाया पडती."

ती खरंच वाकली. नजीराने तिला मधेच धरलं.

मुजम्मिलने गुंडाळलेला हात मांडीवर घेतला.

"वैनी, सम्राटभाई माझ्या दुकानात बसून चा प्यायचे. ते गेले, मला रडायलाबी कुणी येळ दिला न्हाय." त्याने श्वास घेतला. "तुमच्या दिरानं मला एक डाव इचारायचं हुतं. मी फोटो दावला असता, नंबर दावला असता. त्यानं इचारलं ते हात वाईसमधी घालून, तरीबी मी सांगितलं. मी सांगितल्यावर त्यानं आणखी एक फेरा फिरवला. ते भरवल्यामुळं न्हाय. ते त्येचं हुतं."

वर्षाराणीने पदर तोंडाशी धरला.

"मॅडम, लिवा तक्रार," मुजम्मिल म्हणाला.

अक्षताने लिहिलं, वाचून दाखवलं, आणि सवयीने पेन त्याच्या उजव्या बाजूला धरलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने पेन मागे घेतलं.

"सही येते ना तुम्हाला?"

"येत हुती," तो म्हणाला.

नजीराने त्याचा डावा हात उचलून शाईच्या पॅडवर ठेवला. त्याने अंगठा कागदावर दाबला, पुरता उमटेपर्यंत दाबून धरला, आणि आकारामांनी कागद फायलीला लावला.